जत्रेची घाई

चौऱ्याऐंशी साली जत्रेला पोचायची घाई गुरुदासला नडली. तशी ती घाई वाईट म्हणवत नाही. आंगणेवाडीची जत्रा पंचांगात सापडत नाही. देवीचा कौल झाला की तारीख कळते, आणि जहाजावर पंप चालवणाऱ्या माणसाची मग पळापळ होते.

त्याचं जहाज खनिज भरायला गावाजवळच्याच बंदरात आलं होतं. रिकामं जहाज डोलू नये म्हणून पोटातल्या टाक्यांत परदेशातल्या बंदराचं पाणी; खनिज भरण्याआधी ते सोडावं लागे. कॅप्टन जुन्या वळणाचा. एका बंदराचं पाणी दुसऱ्या बंदरात सोडायचं नाही, खोल समुद्रात बदलायचं, हा त्याचा हट्ट. वाटेत समुद्र खवळल्यामुळे ते राहून गेलं होतं.

"उद्या परत बाहेर जाऊन बदलू," तो म्हणाला.

उद्या जत्रा होती.

"असा नियम कुठे आहे, साहेब? पाणी ते पाणीच," गुरुदास म्हणाला, आणि त्या भल्या माणसाने ऐकलं. टाक्या खाडीच्या तोंडाशीच रिकाम्या झाल्या.

खाडीकाठीच त्याची थोरली बहीण तुळसा राहायची. नवऱ्यामागे तिने खडकावरची कालवं काढून, विकून घर चालवलेलं. गुरुदास तिच्याकडे पिशवी टाकून जत्रेला पळाला. परतला तेव्हा कालवांचं सुकं तयार होतं. बोटं चाटत जेवला.

तीन वर्षांनी तो आला तेव्हा तुळसाने त्याला ओहोटीच्या वेळी खडकावर नेलं. खडक बारक्या काळ्या शिंपल्यांनी लिंपून गेलेला. तिने कोयतीने खरवडून दाखवलं, खाली मेलेली कालवं. गुरुदासने एक शिंपला उचलून निरखला. हेच शिंपले त्याने त्या परदेशी बंदरात धक्क्याच्या खांबांवर पाहिले होते.

"देवीचो राग आसा," तुळसा म्हणाली. "त्या वर्सा तू जत्रेक गेलंस, आणि तुज्यासाठी कालवां काढूक मी हय इलंय. माजी ओटी भरूची रवली."

"अक्का, देवीचां काय एक नाय. आमच्या जहाजातलां पाणी हय सोडलां, त्यातसून ह्या शिंपल्यांचां बी इलां. तां माज्यामुळे." त्याने काही न लपवता सगळं सांगितलं.

तुळसाने ऐकून घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माका बरां वाटाचां म्हणान सांगतंस रे. पाणी तां पाणीच."

या खेपेला जत्रेत तिने न विसरता ओटी भरली. देवीपुढे डोळे मिटून, न केलेल्या चुकीची माफी मागत ती बराच वेळ उभी राहिली. मागे गुरुदास नारळ धरून उभा होता. त्याला मात्र काहीच मागवेना.