करंट उतरेपर्यंत

श्यामरावांनी चिखलाचा आणखी एक गोळा धनीरामच्या गळ्याशी थापला आणि बांधीच्या खाचरातल्या पाण्यात हात बुचकळले. धुऱ्याच्या बांधालगत धानाची रोपं उपटून खड्डा केला होता. धनीरामला त्यात बसवून गळ्यापर्यंत चिखलाने बुजवलं होतं. डोकं तेवढं वर होतं, तेही त्याच्या आईने, सत्यभामाबाईंनी, मागून एका हाताने धरलं होतं म्हणून. दुसऱ्या हाताने त्या फोडलेला कांदा त्याच्या नाकाशी नेत होत्या आणि मधूनमधून त्याच हाताने ओठांवरच्या माश्या हाकत होत्या.

ईश्वर धुऱ्यावरून धावत आला तो थेट खड्ड्याशीच गुडघ्यावर बसला. धनीरामचा तो धाकटा भाऊ, नागपूरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पोळ्यासाठी घरी येत होता. अड्याळला एस.टी.तून उतरला तेव्हाच त्याला कळलं, की सकाळी बोडीच्या तळ्यावरची मोटार चालू करताना धनीरामचा हात वायरीच्या उघड्या जोडावर पडला आणि शेजारच्या कवडूने काठीने वायर उडवून त्याला सोडवलं. मागून घेतलेल्या सायकलवरून येताना वाटभर तो स्वतःला सांगत होता, की दादाला एव्हाना पवनीच्या दवाखान्यात नेलं असेल. गावात शहाणी माणसं काय कमी आहेत?

तो दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला. कवडूने मागून त्याचे दंड धरले.

"काहाडा त्याले," ईश्वर म्हणाला. "छाती दाबा लागते, श्वास द्या लागते. चिखलानं काही होत नाही."

श्यामराव गावातले वडीलधारे. ते रागावले नाहीत, उलट त्यांना पोराची कीव आली.

"काहून असा बोलून राहिला, ईश्वर? तूच त सांगतलं होतं, करंट मातीत उतरते म्हनून."

ईश्वरचे हात थांबले.

सांगितलं होतं खरं. मागच्या दिवाळीत मोटारीला लाइन आली तेव्हा याच धुऱ्यावर त्याने अर्थिंगसाठी खड्डा खणला होता. मीठ-कोळसा भरून त्यात लोखंडी पत्रा पुरला आणि जमलेल्या गावाला मोठ्या हौसेने समजावलं, की मोटारीत फिरणारा चुकार करंट या मातीत उतरतो आणि माणूस वाचतो. शहरात शिकून आलेल्या पोराला ऐकणारे मिळाले की काय होतं, तेच त्याचं झालं होतं. धनीराम तर आपणच इंजिनेर असल्यासारखा छाती काढून सगळ्यांत पुढे उभा होता. मोटारीचं वेगळं, माणसाचं वेगळं, हे सांगायचं मात्र ईश्वरला सुचलं नाही. कोणी विचारलंही नाही.

शॉक लागलेल्याला चिखलात पुरायची रीत तशी त्याच्या आधीपासूनची. पण अलीकडे लोक कुरकुरायला लागले होते, दवाखान्यात न्यावं म्हणू लागले होते. ईश्वरच्या भाषणानंतर ती कुरकुर बंद झाली. त्यातच उन्हाळ्यात गावातल्या चिंधूला करंटचा झटका बसला. त्याला चिखलात पुरलं आणि तासाभरात तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. तो तसाही गेलाच असता, पण श्रेय ईश्वरच्या विद्येला मिळालं. धनीरामने होस्टेलवर आल्यावर हा किस्सा त्याला कौतुकाने सांगितला होता. तो गेल्यावर ईश्वरने खोलीतल्या मित्रांना सांगितला आणि सगळे पोट धरून हसले. हसण्यात तोही होता. दादाला मात्र त्याने एका शब्दाने खोडलं नव्हतं.

कवडूने त्याचे दंड सोडले. आता धरण्याची गरज उरली नव्हती.

ईश्वरने धनीरामच्या जबड्याखाली बोटं नेली. नाडी लागली नाही. गळा गार होता. चिखलामुळे असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. मग पापणी उचलली आणि हळूच मिटवली. कॉलेजच्या लॅबमध्ये दाराशेजारी एक तक्ता होता, शॉक लागलेल्या माणसाचं काय करायचं ते चित्रांसकट दाखवणारा. त्याच्याखाली सगळे छत्र्या टांगत. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, त्यामुळे ईश्वरने तो कधी धड वाचला नव्हता. जे करायचं ते लगेच करायचं असतं, एवढंच त्याला आठवत होतं. इथे तर ऊन डोक्यावर आलं होतं.

त्याने पुन्हा बोटं गळ्याशी नेली आणि तशीच ठेवली. हात काढला असता तर बोलावं लागलं असतं. रडू येत नव्हतं. आपल्याला शिकवण्यासाठी शाळा सोडून जन्मभर या चिखलात राबलेल्या भावाला आपण काय दिलं, एवढा एकच विचार फिरून फिरून येत होता.

धुऱ्यावरचे सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात दोष नव्हता, भरवसा होता. तोच त्याला सोसवेना.

"तू म्हनशीन तवा काहाडू," श्यामराव म्हणाले.

सत्यभामाबाईंनी कांदा बाजूला ठेवला. मघापासून त्या ईश्वरच्या बोटांकडे बघत होत्या. त्यांनी आवाज अगदी लहान केला, झोपलेलं माणूस जागं होऊ नये असा.

"उतरला का रे करंट?"

ईश्वरने आईकडे पाहिलं. सकाळपासून धरलेल्या डोक्याखालचा हात तिने काढला नव्हता. एवढ्या वर्षांत तिने त्याच्या शिक्षणातलं काही विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदाच विचारत होती.

"नाही, माय," तो म्हणाला. "अजून नाही उतरला. राहू दे."

सत्यभामाबाईंनी मान हलवली. पोरगा शिकलेला होता, त्याला कळत होतं. त्या जरा सरकून नीट बसल्या आणि धनीरामच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी पदर पसरून धरला.