विहिरीच्या पाण्याचे दोन पेले

नव्या घरात नळाला विहिरीचं पाणी यायचं. आम्हा माणसांचं त्यावर भागत होतं, सूनबाईच्या माशांचं भागेना. महिन्याभरात टाकीच्या काचेवर गंजाचा थर चढला आणि सात एंजलमाशांपैकी पाच गेले. उरलेल्या जोडीसाठी ती रोज ऑफिसातून स्कूटरवर दोन कॅन पाणी आणू लागली. आठवड्यात तिची कंबर धरली.

मग तिने शुद्धीकरणाचं यंत्र आणलं. प्लंबरने ते थेट विहिरीच्या पंपाला जोडायला घेतलं. असं करू नये, हे मी वाचलं होतं. प्लंबरच्या स्टुलाशेजारी पुस्तक घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मला वाटतं..."

"काका, तो पाना द्या जरा."

मी पाना दिला.

आठव्या दिवशी यंत्रातून नुसते थेंब पडू लागले. सूनबाईने मासे जिथून घेतले होते त्या दुकानदाराला फोन लावला. "पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी या आणि जोडी घेऊन जा. माझ्या डोळ्यांदेखत मरायला नकोत." मग टाकीकडे पाठ करून भाजी चिरत बसली. आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, पुस्तक मिटा आणि तोंड उघडा."

तोंड उघडणं मला कधी जमलंच नाही. म्हणून मी पेला भरला. विहिरीचं ताजं पाणी, काचेसारखं स्वच्छ. तो खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला तेव्हा शेजारी ताजा पेला ठेवला. कालचा पिवळा पडला होता, तळाशी तांबूस गाळ.

"यात काय टाकलंत?"

"काही नाही. पाण्यात लोखंड विरघळलेलं आहे. हवा लागली की ते बाहेर येतं. आपण ते यंत्राच्या पोटात बाहेर येऊ दिलं, आणि आतला गाळणीचा पडदा बुजला." या वेळी वाक्य पुरं झालं.

त्याने दोन्ही पेले उजेडात धरले. "काका, हे त्या दिवशीच का नाही बोललात?"

"तुम्ही पाना मागितलात."

तो इतका हसला की सूनबाई बाहेर आली.

गच्चीवर आम्ही एक पिंप ठेवलं आणि त्यावर बाथरूमचा जुना शॉवर टांगला. पाणी धारांनी पडे, हवा खाई आणि रात्रभर निवळे. तोटी तळापासून वीतभर वर बसवली, म्हणजे गाळ खालीच राही. तिथून धुतलेल्या वाळूचं दुसरं पिंप, आणि मग नवा पडदा घातलेलं यंत्र. यंत्राचं पाणी इतकं निर्मळ की त्यात माशांना लागणारे क्षारही उरत नाहीत, म्हणून त्याच्या तीन बादल्यांत वाळूतून आलेल्या पाण्याची एक मिसळायची. ही मापं माझीच, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मला झोप लागली नाही. पहाटे उठून मासे मोजायचो. दोनच होते, तरी मोजायचो.

दहाव्या दिवशी मासे पंख ताणून अन्नावर तुटून पडले. काचेवर गंजाचा ठिपका नव्हता. पण दुकानदाराला येऊ नका म्हणायला सूनबाईने फोन केला नाही. "बाबा, दहा दिवसांवर विश्वास कसा ठेवू? मागच्या वेळीही आठ दिवस बरे गेले होते." तिचं चूक नव्हतं. माझा तरी विश्वास कुठे होता?

ठरल्या रविवारी दुकानदार पिशवी आणि जाळी घेऊन आला. टाकीत हात घालणार, तोच थबकला. आतल्या नळीवर मोत्यांसारख्या रांगा चिकटल्या होत्या आणि मादी पंख हलवत त्यांना वारा घालत होती.

"अहो, अंडी! आता यांना हलवायचं नाही. हलवलंत तर खाऊन टाकतील." त्याने जाळी मागे घेतली. "इथल्या पाण्यात अंडी घातली? पाणी आणता कुठून?"

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना विचारा."

"विहिरीचं आहे," मी म्हणालो. "चला, वर दाखवतो." आणि जिन्यावर मी सगळ्यांच्या पुढे होतो. शॉवरपाशी सुरुवात केली. तासाभराने ही चहा घेऊन वर आली, तरी मी अजून वाळूपाशीच होतो.