बानूभाभींचं बोट

नासिर तांबोळीची लाल गाडी आमच्या वारज्याच्या सोसायटीत आली, त्या दिवसापासून एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती गाडी त्याच्या बायकोला, हुस्नबानूभाभींना, अजिबात आवडत नाही. दोनच दारं, आत शिरायचं म्हणजे जवळजवळ बैठक मारायची, आणि आवाज असा की आमच्या खिडकीच्या काचा वाजायच्या. "मुलं मोठी झाल्यावर यांना खेळणं सुचलं," असं भाभी जिन्यात माझ्या बायकोला सांगायच्या. तेव्हा नासिरने ती देऊन नवी, शांत गाडी घ्यायचं काढलं, तसं मला वाटलं, आता भाभी पेढे वाटणार. तर भाभी म्हणाल्या, "काही गरज नाही बदलायची."

झालं. मी निवृत्त झालेला भौतिकशास्त्राचा मास्तर. दोन विधानं एकमेकांशी जुळली नाहीत की मला जेवण गोड लागत नाही. बायको याला चोंबडेपणा म्हणते. मी जिज्ञासा म्हणतो.

नासिरचं नाना पेठेत स्पेअर पार्टचं दुकान. आता ते मुलगा राहिल बघतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग विकून झाल्यावर त्याने ही एक गाडी स्वतःच्या हौसेसाठी घेतली. तिच्या इंजिनाची तऱ्हाच वेगळी. सावकाश चालवली तर रिक्षासुद्धा पुढे निघून जाते. पण इंजिनाच्या फेऱ्या चढवत नेल्या, ते किंचाळायला लागलं, की अगदी वरच्या टोकाला गाडी एकदम उसळते. गिअर बदलायचा तो त्या टोकालाच. आधी बदलला तर जोर गेला, उशीर झाला तर इंजिन गचके देतं. नासिर हे सगळं आवाजावर करायचा. "गाडी कानाने चालवायची असते, श्यामराव," असं तो मला ऐकवायचा.

आणि गेल्या वर्षी नेमका कानानेच दगा दिला. वरचे, बारीक आवाज त्याला ऐकू येईनासे झाले. डॉक्टरांनी मशीन दिलं, पण त्या गाडीच्या गोंगाटात मशीन शिट्ट्या मारतं, म्हणून गाडीत बसताना तो ते काढून खिशात ठेवतो. राहिलने तोडगा काढला : "अब्बा, नवीन मॉडेल घ्या ना. दिसायला सेम, इंजिन मोठं. टॉर्क जास्त आहे, खालूनच खेचते. गिअरचं टेन्शनच नाही."

टॉर्क म्हणजे पिळाचा जोर. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण ज्या जोराने उघडतं, तो. जुन्या गाडीत तो कमी, म्हणून तिला वेगाने फिरवून कामाला लावायचं. नवीत तो पहिल्यापासूनच हजर. नासिरला जुनी सोडवत नव्हती, पण गाडी चालवणंच सुटण्यापेक्षा हे बरं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. यात भाभींना नको म्हणण्यासारखं काय होतं?

ते शोधायला मी रविवारी त्यांच्याबरोबर निघालो. या गाडीला मागे सीट आहे, असं कंपनीचं म्हणणं आहे. नासिरच्या मागे मी गुडघे हनुवटीला लावून बसलो. समोर त्याची रुंद पाठ, आणि दोन सीटांच्या फटीतून दिसणारा गिअरचा दांडा, एवढाच माझा देखावा. 

पिरंगुटच्या घाटात इंजिन चढायला लागलं. आधी गुरगुर, मग घरघर, मग ती किंकाळी. नासिरचा डावा हात गिअरवर होता. आणि त्याच्या हातावर भाभींचा उजवा हात. मी बघतच राहिलो. किंकाळी टोकाला पोचली आणि भाभींनी एक बोट दाबलं. नासिरने त्याच क्षणी गिअर बदलला. पुढच्या वळणानंतर पुन्हा तेच. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, बोलत नव्हते. घाट संपेपर्यंत एकदाही इंजिनाने गचका खाल्ला नाही.

वर चहाला थांबलो. नासिर काच पुसत होता, त्याच्या कानात मशीन नव्हतं, म्हणून मी सरळ विचारलं, "भाभी, हे कधीपासून?"

"डॉक्टरांकडून आल्यावर पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या. "गाडी गचके खायला लागली. हे इतके घाबरले श्यामभाऊ, चेहरा पांढरा पडला. मी पटकन हातावर हात ठेवला. हा आवाज इतकी वर्षं शिव्या घालत ऐकलाय. तोंडपाठ झालाय मला."

"मग नवी गाडी आली की तुमची सुटका."

भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. "सुटका कशाची? आधी मी या गाडीत सामानासारखी बसायची. आता यांना माझी गरज लागते. नव्या गाडीत मी परत सामान."

उत्तर मिळालं होतं. पण ते मिळाल्याचा आनंद मात्र झाला नाही.

मंगळवारी आम्ही तिघं हायवेजवळच्या शोरूममध्ये गेलो. मी का गेलो, हे विचारू नका. तिथली तनया नावाची मुलगी फार गोड बोलली आणि मग म्हणाली, "काका, टेस्ट ड्राइव्हला ड्रायव्हरच्या शेजारी आमच्यापैकीच कुणीतरी बसतं. रूलच आहे. काकू, तुम्ही इथे एसीत बसा ना, मी कॉफी सांगते."

भाभी सोफ्यावर बसल्या. मी मागे कोंबला गेलो.

नवी गाडी खरोखर उत्तम होती. चांदणी चौकाची चढण तिने तिसऱ्या गिअरमध्ये, कुरकुर न करता, गुणगुणत पार केली. नासिरने खिशातून मशीन काढून कानात घातलं. ते शिट्टी मारेना. तो लहान मुलासारखा हसला. मला त्याच्यासाठी फार बरं वाटलं, आणि भाभींसाठी फार वाईट.

परत आल्यावर भाभी उठून उभ्या राहिल्या. "कशी आहे?"

"झकास. काही करावंच लागत नाही."

"मग घेऊन टाका," भाभी म्हणाल्या आणि पर्स उचलून दाराकडे वळल्या.

नासिरने त्यांच्याकडे पाहिलं, मग तनयाकडे. "अजून एक चक्कर. ही माझ्या शेजारी बसणार. तुम्ही मागे बसा."

"काका, पण रूल..."

"रूल तुमच्याजवळ ठेवा, गाडी माझ्या बायकोला दाखवायची आहे. ही नको म्हणाली तर मी घेणार नाही."

असं म्हटल्यावर मॅनेजरने मान हलवली. तनया आणि मी मागे अशा अवस्थेत बसलो, की त्याचा फोटो कुणी काढला नाही हे बरं झालं. या वेळी मी भाभींच्या मागे होतो, त्यामुळे समोरचं सगळं दिसत होतं.

नासिरने दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ताणत नेली. भाभींनी सवयीने त्याच्या हातावर हात ठेवला आणि मान तिरकी करून ऐकू लागल्या. ओळखीची किंकाळी काही येईना. नुसती घरघर वाढत राहिली. समोरच्या पडद्यावर फेऱ्यांचा काटा चढला, लाल दिवा लुकलुकला, आणि गाडीने गचका दिला. भाभींनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

"मला नाही कळत हिचं," त्या म्हणाल्या.

"काकू, कळायची गरजच नाही," तनया मागून म्हणाली. "दिवा दिसतो ना."

आणि इथे माझ्यातल्या मास्तराला गप्प राहवलं नाही. "अरे नासिर, काटा काय, दिवा काय, सगळं डोळ्यांसमोर आहे! मग भाभींना कशाला त्रास?"

नासिरच्या कानात मशीन होतं. त्याने प्रत्येक शब्द ऐकला.

"काटा जुन्या गाडीतही होता, श्यामराव," तो म्हणाला.

भाभी त्याच्याकडे वळल्या. मग भाभींनी हळूच विचारलं, "तुम्हाला दिसत होता?"

"बहिरा झालोय बानू, आंधळा नाही."

"मग इतके दिवस मला का..."

"पहिल्या दिवशी मी खरंच घाबरलो होतो. काट्याकडे बघायचं सुचलं नाही. तू हात ठेवलास." नासिर रस्त्याकडे बघत बोलत होता. "पुढच्या रविवारी तू माझ्याआधी तयार होऊन खाली उभी होतीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काट्यासाठी ते घालवू?"

भाभी खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिचा आवाज फार दबका आहे. शिकायला वेळ लागेल मला."

"लागू दे."

चांदणी चौकाची चढण आली. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आरामात वर निघाली होती. भाभींनी हात परत त्याच्या हातावर ठेवला, थोडं थांबल्या आणि बोट दाबलं. नासिरने गिअर बदलला.

"काका, आत्ता बदलायची काही गरज नव्हती," तनया म्हणाली.

मशीन कानात होतं, पण नासिरला ते ऐकू आलं नाही.