टोफूतल्या दोनशे तेरा आज्ञा

वाकानाला शाळेच्या संगणक मंडळाची अध्यक्ष होऊन जेमतेम बारा दिवस झाले होते, आणि तेराव्या दिवशी अख्ख्या शाळेचा पाव बंद पडायची वेळ आली.

जपानमधल्या योनागोच्या त्या शाळेत मुलं सकाळी फोनवरून पाव मागवायची आणि यादी थेट बेकरीत जायची. ती सोय कुरोइवा सेन्सेईंनी, म्हणजे मंडळाच्या सरांनी, अकरा वर्षांपूर्वी स्वतः लिहिली होती. ज्या प्लॅटफॉर्मवर ती चालायची, त्याची आता नवी आवृत्ती आली होती. काय नव्हतं तिच्यात! तयार नमुने, चित्रांचं मार्गदर्शक, लिहितानाच चूक दाखवणारा मदतनीस, आणि जुन्या आज्ञा शोधून एका झटक्यात नव्या करणारं बटण! फक्त नऊ फेब्रुवारीच्या सकाळी ‘आण’ ही जुनी आज्ञा, जिच्यावर सेन्सेईंची सगळी सोय चालायची, कायमची बंद होणार होती.

बटण दाबायचा अधिकार एकट्या सेन्सेईंचा. आणि सेन्सेई ढिम्म.

“सेन्सेई, नवी आज्ञा दुप्पट वेगानं चालते!”

“चालू दे. मला कुठे पळायचंय?”

“पण परवापासून पाव येणार नाही!”

“अकरा वर्षांत हिनं एकदाही दगा दिला नाही, वाकाना. नवी आली म्हणून हिला हाकलायचं? उद्या मलाही हाकलशील.”

“मार्चमध्ये तसेही निवृत्तच होतायत,” मिझुहो तिच्या कानात कुजबुजली. ही मंडळातली दुसरी सभासद. आणि शेवटचीही.

आठ तारखेला दुपारी वाकाना तोंड पाडून शिवणवर्गावरून चालली होती. आत मुली वर्षभरात मोडलेल्या सुया टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या मऊ पनीरात, खोचत होत्या. जाड कापडाशी खूप झुंजलात, आता मऊ जागी विसावा घ्या, म्हणून हात जोडत होत्या. मोडक्या सुयांचे आभार मानायचा हा दरवर्षीचाच रिवाज. पण वाकाना दारातच थबकली, आणि मग जी धावत सुटली!

साडेतीनला सेन्सेई मंडळाच्या खोलीत आले, तर टेबलावर टोफूची वडी. तिच्यात चाळीस टूथपिक, आणि प्रत्येकीला कागदी पट्टी: ‘आण’.

सेन्सेईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कमरेत खोल वाकले.

“दमली असशील गं,” ते टोफूला म्हणाले.

खुर्ची ओढून त्यांनी हात पुढे केला. पडद्यावर आलं: ‘जुनी आज्ञा २१३ ठिकाणी सापडली. बदलू?’

हात तिथेच थांबला. “इथे किती आहेत?”

“चाळीस,” वाकाना पुटपुटली.

“मग बाकीच्या एकशे त्र्याहत्तर जणींचे आभार कोण मानणार?”

“मिझुहो, टोफू आण!”

“किती?”

“दुकानात असेल तेवढा!”

तिघंही खोचायला बसली. “हातानं बदललं असतं तरी एव्हाना झालं असतं,” मिझुहो करवादली.

“गप्प! एकशे बारा... की तेरा? बघ, चुकवलंस!” वाकाना ओरडली.

शेवटची काडी सेन्सेईंनी खोचली. बटण दाबलं. एका सेकंदात काम फत्ते.

“इतकंच?” सेन्सेईंचा चेहराच पडला. मग ते हळूच पुढे सरकले. “आणखी काय काय आहे म्हणालीस ह्याच्यात?” शिपायानं दिवे घालवले तेव्हा ते मार्गदर्शकाच्या सत्तराव्या पानावर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावांचे सगळे ट्रे बिनबोभाट आले. सकाळपासून वाकाना येणारी एकेक मागणी बघून टाळ्या पिटत होती. त्या नादात स्वतःची करायची राहूनच गेली.

“अध्यक्षबाई, पाव कुठाय?” नूडल्स भरलेल्या पावाचा लचका तोडत मिझुहोनं विचारलं.

वाकानानं ऐटीत डबा उघडला. आत कालचाच टोफू, वर सोया सॉस.

“खाऊन तर बघ,” ती म्हणाली. “भोकं पाडली ना, की सॉस काय मुरतो!”