पाऱ्याचा डबा

मित्रांनो, खोटं बोलायची सोय देवाने मला दिलीच नाही. मी एक जुना रक्तदाबमापक आहे. लोखंडी डबा, त्यात काचेची नळी, नळीत पारा, आणि पारा चढवायला हवा भरायचा रबरी फुगा. कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्या काचेवरची एकेक रेष नामस्मरण करावं तशी मन लावून ओढली.

ऑपरेशनच्या रुग्णांच्या वॉर्डात माझी बावीस वर्षं गेली. "हा माझा सगळ्यात जुना सहकारी," असं मोठे सर कौतुकाने म्हणायचे. मग भिंतीवर आकडे दाखवणारी यंत्रं आली, आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

एकदा कपडे शिवणाऱ्या एका मावशींच्या पोटाचं ऑपरेशन सरांनी सकाळीच केलं. दुपारी ते राउंडला आले. पोटात साचलेलं रक्त बाहेर यावं म्हणून नळीने जोडलेली पिशवी कोरडी होती.

"छान! पिशवी कोरडी, म्हणजे पोट कोरडं," म्हणत सर पुढच्या खाटेकडे वळले.

नव्या डॉक्टर मुलीचा पाय मात्र तिथून हलेना. मावशींची नाडी तासाभरात नव्वदवरून एकशे वीसवर गेली होती. त्या सारखं पाणी मागत होत्या. भिंतीवरचं यंत्र मात्र रक्तदाब ठीक दाखवत होतं. तिने स्टूल ओढून मला खाली काढलं. मावशी आडव्या असताना पारा एकशे दहावर थांबला. खाटेची डोक्याकडची बाजू उचलून तिने पुन्हा मोजलं, तर ऐंशी! अंगात रक्त कमी पडलं की उठवल्यावर दाब असा कोसळतो.

"सर, आत रक्त जातंय असं वाटतंय."

"मॅडम, पोट मी शिवलंय की तुम्ही?"

सगळे हसले. दाराशी उभ्या असलेल्या मावशींच्या लेकीला, हसण्यासारखं काय झालं, ते कळेना. मला त्या डॉक्टर पोरीने छातीशी धरलं होतं. तिचं काळीज कसं धडधडत होतं, ते मला विचारा!

"तुम्हीच शिवलंय, सर. म्हणून तुम्हालाच सांगतेय. नळी तुंबली असेल तर पिशवी कोरडीच राहणार ना? एकदा तुमच्या हाताने मोजा. चुकले तर सगळ्यांसमोर ओरडा मला."

सर परत फिरले. त्यांनी फुगा दाबला, कान लावला. पारा ऐंशीवरच. सरांचा चेहरा उतरला.

"ऑपरेशन थिएटर तयार करा. आत्ता!"

नळीत रक्ताची गुठळी अडकली होती, आणि आत एका रक्तवाहिनीवर बांधलेली दोऱ्याची गाठ सुटली होती. मावशी वाचल्या.

चौथ्या दिवशी सर सगळ्यांदेखत, देवापुढे वाकावं तसे वाकून म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. ही पोरगी बोलली म्हणून निभावलं."

"अहो सर, टाका आमचाही सुटतो. गिऱ्हाईक सांगत आलं की उसवायचं नि परत शिवायचं. त्यात रागवायचं काय?"

त्या दिवसापासून राउंडला सगळ्यात लहान डॉक्टर आधी बोलतो आणि सर शेवटी. एवढा मोठा माणूस हाताची घडी घालून ऐकत उभा राहतो, तेव्हा माझा पारा अभिमानाने आपोआप चढतो की काय असं वाटतं!

आता माझी जागा टेबलावर आहे. माझी काच ती मुलगी स्वतः पुसते. मित्रांनो, तुम्हीही मला जपून हाताळा. आणि तुमच्याहून लहान कुणी घाबरत घाबरत काही सांगायला आलं, तर हसण्याआधी एकदा फुगा दाबून बघा.