फाटकात अडकलेलं अंडं

माझ्या होणाऱ्या जावयाने तीन चाकांची गाडी घेतली तेव्हा मी तोंडावर सांगितलं होतं, ही गाडी नाही, अंडं आहे. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि दार कुठे, तर नाकावर. मागे जायचा गिअरच नाही. मागे घ्यायची तर उतरून हातांनी ढकलायची. पण वेंडेलिनकडे मोटारसायकलचं लायसन्स होतं, ते या गाडीला चालत होतं, आणि लढाईत अधू झालेल्या पायाने किक मारावी लागत नव्हती. तो खूश, म्हणून माझी गेर्लिंडेही खूश. लेकीपुढे माझं कधी चाललंय?

मी र्‍होनच्या डोंगरात रेल्वेचं फाटक सांभाळते. नवरा लढाईवर गेला तो रशियातून परतला नाही, तेव्हापासून त्याचं काम माझ्याकडे आलं.

त्या रविवारी दोघं चर्चमधून परस्पर जेवायला यायची होती. चुलीवर बटाट्याचे गोळे शिजत होते. मागच्या स्टेशनातून आगगाडी सुटल्याची घंटा झाली, तशी मी बाहेर येऊन हँडल फिरवायला लागले. फाटकाचे दांडे खाली येत असतानाच उतारावरून फटफटत अंडं आलं. वेंडेलिनला वाटलं, सहज निसटू. मेल्याला जरा धीर नाही.

आमचं फाटक रुळांना तिरकं आणि अगदी खेटून आहे. अंड्याची पुढची दोन चाकं पार झाली, मागचं एकटं चाक रुळालगतच्या खाचेत बसलं. नाक पलीकडच्या दांड्याखाली घुसलं आणि इंजिन बंद पडलं. मी हँडल उलटं फिरवलं, पण दांडा दाराच्या मुठीत अडकला होता, तो हलेना. दांडा निघेपर्यंत दार उघडणार नव्हतं. बाजूच्या खिडक्यांतून जेमतेम हात बाहेर येत होता. मी नाकाला रेटा दिला, पण दोन माणसांचं वजन माझ्याने कुठलं हलायला!

नवऱ्याने काम शिकवताना एक गोष्ट बजावली होती: फाटकात काही अडकलं तर त्याला चिकटून बसायचं नाही, आधी आगगाडी अडवायला धावायचं. वळणापलीकडून शिट्टी ऐकू आली.

गेर्लिंडेने खिडकीतून माझी बाही धरली. "आई, जाऊ नकोस. आधी आम्हाला काढ."

मी तिची बोटं सोडवायला लागले. ती सुटेनात.

"सोड त्यांना, गेर्लिंडे," वेंडेलिन म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "त्यांना जाऊ दे."

मी हिसका दिला, बाही फाटून सुटली. लाल झेंडा घेतला आणि लेकीकडे पाठ करून पळत सुटले. चपला कुठे गेल्या कळलं नाही. मागून ती हाका मारत होती. वळणावर इंजिन समोर आलं. मी झेंडा हलवत राहिले, शेवटच्या क्षणी बाजूला उडी मारली. ब्रेक किंचाळले, पण इंजिन मला मागे टाकून तसंच पुढे गेलं, त्यामागे डबे. आवाज थांबला तेव्हा मी गवतात बसले होते आणि उठून बघायची माझी छाती होत नव्हती.

उठले. डब्यांच्या कडेने परत आले. इंजिन आणि अंडं यांच्यामध्ये एखादी गाय उभी राहिली असती, एवढीच जागा उरली होती.

ड्रायव्हर आणि इंजिनात कोळसा टाकणारा कोळसेवाला खाली उतरले. दोघांनी मागून हात घालून अंडं माणसांसकट उचललं आणि दांड्याखालून काढून रस्त्यावर ठेवलं. ते हलकं म्हणून मी सगळ्या गावात त्याची टिंगल केली होती. हे अंडं कुठल्या कोंबडीने घातलं, असं कोळसेवाल्याने विचारलं. कुणी हसलं नाही.

नाकावरचं दार उघडलं. वेंडेलिन कसाबसा उतरला आणि रस्त्यावरच बसला. गेर्लिंडे माझ्यापासून दूर उभी राहिली.

"तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस."

"पाहिलं असतं तर परत आले असते."

मला फाटक पुन्हा लावून आगगाडीला वाट द्यायची होती, पण हँडल धरवेना. तेव्हा ती जवळ आली आणि तिने माझी बाही धरली. मघा फाटली होती तिथेच. या वेळी मी ती सोडवली नाही.