पाठमोरी

श्रेयाने आईच्या फोटोवरचा चंदनाचा हार काढून टेबलावर ठेवला, फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळली आणि बारामतीच्या घराला कुलूप घालून ती स्टँडवर आली.

इंदापूरच्या गाडीत फ्रेम मांडीवर आडवी मावेना. एका गतिरोधकावर चादर घसरली आणि आईचा चेहरा उघडा पडला. शेजारच्या म्हातारीने आधी फोटोकडे पाहिलं, मग श्रेयाकडे.

“कोन हुत्या?”

“आई.”

“आगं माझ्या बाई.” म्हातारीने आपलं गाठोडं पायांत ओढून जागा केली. “नीट बसीव तिला. कुठं निघालाय दोघी?”

“इंदापूरला,” श्रेया म्हणाली. आई गेल्यापासून ‘दोघी’ असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने चादर पुन्हा वर ओढली नाही.

आई, म्हणजे कौसल्याबाई, शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकांची मुखपृष्ठं जमवत. रद्दीच्या दुकानांतून, बंद पडलेल्या वाचनालयांतून आणत आणि फ्रेम करून बैठकीत लावत. चित्रांतल्या स्त्रियांना त्या ‘माझ्या बाया’ म्हणत. काचा पुसताना एखादीला रागावतही. स्वतःचा फोटो मात्र त्यांनी कधी काढू दिला नाही. कोणी मोबाइल उचलला की त्या तोंड फिरवत. हा फोटोसुद्धा कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. खांद्यावर कोणाची तरी बोटं तेवढी राहिली होती. ती श्रेयाची होती.

काल भिंतीवर एक मोकळा खिळा दिसला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. आईची सगळ्यांत लाडकी बाई गायब होती. खिडकीशी पाठमोरी उभी असलेली, वाऱ्याने पदर फुगलेली. तिने चुलतभावाला फोन लावला.

“दहाव्याला फोटू नगं का?” युवराज म्हणाला. “तवा भिंतीवरची एक उतरवली अन् हितं इंदापुरात तिच्यात फोटू बसवून घेतला. सागवानी फ्रेम हाय की चांगली!”

“दादा, आत चित्र होतं.”

“ते जुनाट कागद व्हय? खाजाभाईला इचार बाई. मला काय ठावं?”

खाजाभाईंचं फ्रेमचं दुकान बाजारपेठेच्या बोळात होतं. त्यांनी फ्रेम हातात घेऊन गल्ल्यावर पालथी घातली. श्रेयाचा हात आपोआप पुढे झाला.

“ताई, उघडायचं तर पालथंच घालावं लागतंय,” ते म्हणाले.

पकडीने एकेक बारीक खिळा निघाला. मागचा पुठ्ठा उचलला तसा पिवळट कागद वर आला. खिडकी, पदर, पाठ. सगळं जागच्या जागी.

“फेकनार हुतो,” खाजाभाई म्हणाले. “पन फोटू आत हालत हुता. म्हटलं, ऱ्हाऊ दे मागं टेकू म्हनून.”

श्रेयाला हसू आलं, आणि तेवढ्याने डोळे भरले. तिने तोंड बोळाकडे केलं.

“एकीला नवी फ्रेम देऊ?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. “न्हायतर दोघी एकीत ऱ्हातील, व्हत्या तशा. सांगा, वर कुनाला ठिवू?”

गल्ल्यावर दोन्ही शेजारी शेजारी पडले होते. फोटोत आई ओठ घट्ट मिटून, गर्दीत सापडल्यासारखी समोर बघत होती. महिनाभर ती तशीच बघत होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे.

“आईला मागं ठेवा.”

खाजाभाईंची पकड थांबली. “लोक इचारतील की, फोटू कुठं गेला म्हनून. हार कुनाला घालनार?”

“नाही घालणार.”

श्रेयाने ओढणीच्या टोकाने काच आतून पुसली, चित्र स्वतः बसवलं आणि त्याच्या पाठीला फोटो टेकवला. पुठ्ठा लावून खाजाभाईंनी हातोडी उचलली.

“हळू ठोका,” ती म्हणाली.